मस्करम महिन्यातला लेख

दुकामोने खुर्ची ओढली, पण बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात टेकून तसाच उभा राहिला.

"आणखी एकदा बघ ना, मेकलित."

"किती वेळा बघू?" मेकलितने पडदा त्याच्याकडे वळवला. वाक्य बदललं नव्हतं : असा लेख अस्तित्वात नाही.

ते वाक्य तिनेच लिहिलेलं होतं. विद्यापीठात येणारा प्रत्येक प्रबंध आधी एआय मदतनीस वाचायचा आणि त्यातला एकेक संदर्भ मेकलितच्या टूलला विचारायचा. लेखक, लेखाचं नाव, साल, नियतकालिक. टूल जगभरच्या सूची धुंडाळून उत्तर द्यायचं. यंत्राकडून खोटे संदर्भ रचून घेणारे वाढले होते, म्हणून समितीने हे टूल मागून घेतलं होतं. टूल म्हणेल ती पूर्वदिशा, असं होऊन बसलं होतं.

आणि दुकामोच्या प्रबंधाचा निम्मा डोलारा झेनेबेच दामते नावाच्या बाईंच्या एका लेखावर उभा होता. एन्सेतचा, म्हणजे इथल्या केळीसारख्या दिसणाऱ्या पिकाचा, मर रोग वरच्या डोंगरांत आधी कसा पसरला आणि बायकांनी रोगट बुंधे वेगळे काढून तो कसा आवरला, हे त्या बाईंनी शेताशेतांत फिरून लिहिलं होतं. दुकामोच्या आईचं एन्सेत याच रोगाने गेलं होतं. घरात कोचोची, म्हणजे एन्सेतच्या बुंध्यातल्या पिठाची, भाकरी विकत आणायची पाळी आली, तेव्हा त्याने हा विषय धरला.

"म्हणजे तुला वाटतं, ही बाई मी रचली? तिच्या नावातला बापही मीच रचला?"

"मला काय वाटतं ते कोण विचारतंय? दुपारी समितीचे गाशे लेगेसे उत्तर बघणार आणि सही करणार. लेख आलेला अंक तरी दाखव."

"सांगितलं ना, गावच्या जुन्या शेती केंद्रात होता. पावसाळ्यात छप्पर गळलं, कपाटातल्या कागदांचा लगदा झाला. मी वहीत उतरवून घेतलं तेवढंच उरलं. आता माझ्या अक्षरावर कोण विश्वास ठेवणार?"

तो चढ्या आवाजात बोलत नव्हता, त्याचाच मेकलितला जास्त त्रास होत होता. खोटं बोलणारी माणसं तिने पाहिली होती. ती आधी रागावत.

"बरं, मुखपृष्ठ आठव. जे आठवेल ते सांग."

"हिरवं होतं. वर केंद्राचं नाव. मधे झाडाचं चित्र, ते आपलं कोबीसारखं दिसत होतं. खाली मस्करम १९७४."

"काय म्हणालास?"

"कोबीसारखं."

"ते नाही रे! महिना."

"मस्करम."

मेकलितने कपाळावर हात मारून घेतला. मस्करम म्हणजे इथल्या पंचांगातला, घरचा महिना, नव्या वर्षाचा, माळावर पिवळी फुलं येतात तो. महिना घरचा, तर सालही घरचंच. आणि घरचं साल बाहेरच्या जगाच्या सात-आठ वर्षं मागून चालतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नव्हतं ते फक्त तिच्या टूलला, कारण तिने ते त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"अरे शहाण्या, कुठलं साल ते लिहायचंस की!"

"आपल्या गावचा अंक, आपलंच साल असणार! तुझं टूल कुठल्या गावचं?"

मेकलितने साल सात-आठ वर्षं पुढे सरकवलं. काही नाही. मग तिला नावाचं सुचलं. टूल शेवटचा शब्द आडनाव समजून शोधत होतं, आणि इथे आडनाव असतं कुणाला? दुसरं नाव बापाचं. तिने नावांची उलटापालट केली.

ओळ उमटली. १९८१. एन्सेतचा मर रोग. लेखिकेचं नाव दामते झेनेबेच, म्हणजे कुण्या परदेशी सूचीकाराने बाईंना त्यांच्या वडिलांच्या जागी बसवलं होतं.

दुकामो आता खाली बसला. खुर्चीवर नाही, तिथेच फरशीवर, भिंतीला टेकून. बराच वेळ तो नुसता हसत होता आणि मनगटाने डोळे पुसत होता.

"जेवलास का सकाळपासून?"

"काल जेवलो होतो."

दुपारी गाशे लेगेसेंनी चष्मा वर करून नवं उत्तर वाचलं. केस पांढरे झालेले प्राध्यापक, सगळ्यांचे गाशे म्हणजे दादा, बोलणं मोजकं.

"सकाळी लेख नव्हता, आता आहे. बाई जन्मल्या की काय मधल्या वेळात?"

"नाही, गाशे. टूल चुकलं. म्हणजे मी चुकले. आता ते 'अस्तित्वात नाही' असं म्हणणार नाही. 'मला सापडलं नाही, माणसाला विचारा,' असं म्हणेल."

"म्हणजे आमचं काम वाढवलंस." त्यांनी सही केली. "पण बरं केलंस. जा, त्या पोराला कॉफी पाज."

दुकामोला कॉफीच्या टपरीवर सोडून मेकलित परत आली, ती टूल बंद करायला. बंद करण्याऐवजी तिने वडिलांचं नाव टंकलं. आधी उलटं, मग सुलटं. अबाबा तरुणपणी पशुवैद्य होते, आणि मेंढ्यांच्या खुरांवरचा आपला एक लेख छापून आला होता, असं दर सणाला पाहुण्यांना सांगत. टूल तयार झालं त्याच दिवशी तिने तो शोधला होता, आणि 'असा लेख अस्तित्वात नाही' हेच उत्तर आलं होतं. नंतर सणाला विषय निघाला की ती भांडी उचलायच्या निमित्ताने आत जाई.

एकच ओळ आली, मेंढ्यांच्या खुरांवरची. १९७६.

तिने फोन लावला.

"अबाबा, तुमचा तो मेंढ्यांवरचा लेख. कुठल्या साली आला होता?"

"अडुसष्ट साली." पलीकडे खोकला, मग थोडा संशय. "का गं? आज काय एकदम?"

शहात्तरातून तिने आठ वजा केले आणि खुर्ची पडद्याकडून खिडकीकडे वळवली.

"काही नाही. सांगा ना. पहिल्यापासून सांगा."