मावंद्याचं पाणी

शिवकांताने सायकल मांडवाच्या खांबाला टेकवली आणि चपला न काढताच ती ओसरीवर चढली. आत ईश्वरप्पा कीर्तनाला निघायच्या तयारीत कपाळाला विभूती लावत होते.

"अप्पा, नेपाळहून आणलेली तीर्थाची बाटली कुठंय?"

"आधी चपला तर काढ, नर्सबाई," ते हसले. "मावंदं माझं, आन् घाई तुला!"

ती हसली नाही. सकाळीच लातूरहून, नव्या जिल्ह्याच्या कचेरीची जीप आली होती. ईश्वरप्पांबरोबर पशुपतिनाथाला गेलेल्या बसमधले उदगीरचे दोघे पटकीने दवाखान्यात पडले होते. बाकीच्यांवर पाच दिवस नजर ठेवायची आणि तिकडचं पाणी कोणाला पिऊ द्यायचं नाही, असा हुकूम होता. यात्रेहून आलेला माणूस मावंद्याला तेच पाणी गावभर वाटतो, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. तिला होतं.

ईश्वरप्पांनी देवळीतली बाटली काढून दाखवली. रिकामी.

"काल सांजच्याला विहिरीत ओतली. टँकर ओतून ओतून पाणी पुरंना. म्हटलं, शंभूचं तीर्थ पडलं तर तळ दिसायचा न्हाई."

"कोणाला बोललात?"

"देवाच्या कामाचा गाजावाजा कशाला?"

बाहेर टाळ सुरू झाले. शिवकांता खाली बसली.

"विहिरीत मी पावडर टाकते, अप्पा. पण घराघरांत भरलेलं पाणी उकळल्याबिगर कोणी प्यायचं नाही. मी सांगितलं तर म्हणतील, सरकारी बाईला तीर्थ कडू लागतंय. तुम्हीच सांगा."

"भर कीर्तनात? माझ्या तोंडानं?"

लहानपणापासून त्यांच्या कीर्तनात पुढे बसून ती डोलली होती. आज त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पहिल्याच अभंगात ईश्वरप्पांची चाल दोनदा हुकली. मग त्यांनी हात वर करून टाळ थांबवले.

"एका भक्तानं लांबच्या देवाचं पाणी आणलं. मायेनं गावच्या विहिरीत ओतलं. त्या पाण्यात रोग होता. तो भक्त मीच."

"व्वा, अप्पा!" पुढे बसलेल्या संगप्पाने मांडीवर थाप मारली. "काय दृष्टांत दिला!"

टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं.

"आरं, खरं सांगायलोय..."

"हर हर महादेव!" सगळा मांडव गरजला. मागे पंगतीत पेले भरले जात होते. शिवकांता उठून तिकडे धावली, तर वाढपी तिलाच म्हणाला, "बसा की बाई, पाणी पाजतो."

ईश्वरप्पा मधेच खाली उतरले. तीर्थ आणायला निघाले असं समजून माणसांनी ओंजळी पुढे केल्या. ते त्यांच्यामधून वाट काढत विहिरीवर गेले, शेंदणाऱ्या गड्याच्या हातातून पोहऱ्यासकट दोर काढून घेतला आणि तो तसाच खांद्यावर टाकून परत आले. पांढरं उपरणं भिजून अंगाला चिकटलं होतं.

"तोंडाला लावू नका," ते पंगतीत उभं राहून म्हणाले. आवाजात चाल नव्हती. "दृष्टांत न्हाई हा. चूक हाय माझी."

टाळ एकेक करत थांबले. संगप्पा कोणाकडेच बघेना.

ईश्वरप्पांची बायको रत्नम्मा दोन दिवस टँकरखाली घागरी लावत होती. ती पदर खोचून पुढे आली. तिने पहिला पेला उचलला, थेंबही न सांडता बादलीत ओतला, मग दुसरा.

"बघता काय," ती वाढप्यांना म्हणाली. "चुलीवर हंडा चढवा."