गेंडा, डाव्या हाताला

आत्याच्या नजरेला मधोमध भोक पडलं होतं. जिकडे डोळे रोखावेत नेमका तिथेच एक करडा डाग यायचा आणि समोरच्या माणसाचं तोंड त्यात बुडून जायचं. कडेकडेचं मात्र अजून दिसायचं, नजर दुसरीकडे ठेवली की बऱ्यापैकी स्पष्ट. डाग पसरत जाणार, वर्षअखेरीला कडाही जाणार, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. भाचा तेव्हा शेजारच्याच खुर्चीत बसला होता, पण फोनवर कुणाची तरी दाढ काढायची वेळ ठरवत होता. तो दातांचा डॉक्टर. दातांपलीकडे माणसाला आणखी काही अवयव असतात हे त्याला फारसं पटलेलं नव्हतं. घरी येऊन त्यानं बायकोला एका वाक्यात सांगून टाकलं, "आत्याला आता काही दिसत नाही."

तीस वर्षं आत्यानं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि तीस वर्षांत एकही जंगल पाहिलं नाही. सुट्टी लागली की भावाच्या घरात कुणीतरी अंथरूण धरायचं आणि आत्या उशाशी बसायची. याच भाच्याचा गोवर, याच भाच्याची परीक्षा. आता भाऊ गेला, वहिनी गेली, आणि आत्यानं जन्मात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "डोळे जायच्या आत एक जनावर मोकळं बघायचंय मला. चित्रातलं नको, पिंजऱ्यातलं नको. एकच पुरे."

भाचा तसाही सुट्टीला निघालाच होता. आठ दिवसांत समुद्र, मिठाचं वाळवंट, बर्फाचे डोंगर आणि जंगल, सगळं एकाच परक्या देशात. बिबट्याच्या फोटोसाठी त्यानं हातभर लांब लेन्स घेतली होती. गाडीत एक जागा रिकामी होती, तिथे आत्याला बसवलं. शेजारी त्याची सात वर्षांची मुलगी चिमी, तिच्या पलीकडे भाचेसून, पुढे भाचा आणि मराठी पर्यटक फिरवून भाषा शिकलेला तिथला ड्रायव्हर.

पहिलं खोटं भाचेसूनच बोलली, आणि ते बिचारीनं चांगल्या मनानं सांगितलं होतं. तीन तास काटेरी झुडपांतून हिंडूनही साधा ससासुद्धा दिसला नव्हता. आत्या दर पाच मिनिटांनी विचारत होती, "काही आहे का गं?" शेवटी तिला गप्प करावं म्हणून भाचेसून म्हणाली, "ते बघा आत्या, सांबर!"

आत्याचा चेहरा असा उजळला की भाचेसुनेला स्वतःचंच कौतुक वाटलं. आत्यानं हात जोडले, शिंगं केवढी आहेत ते विचारलं. मग हळूच मान फिरवली, आणि डोळ्याच्या कडेला तिला दिसलं ते मोडून पडलेलं झाड. हिला खरंच सांबर वाटलं असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी समजावायला काही उरलं नाही. मिठाच्या वाळवंटात भाच्यानं तिला हत्तींचा कळप दाखवला. तिथे गवताची काडी नव्हती. हत्तीला दिवसाला किती पाणी लागतं हे आत्यानं दीड हजार पोरांकडून पाठ करून घेतलेलं होतं, आणि भाचा म्हणत होता, "बावीस आहेत, आत्या. मोजले मी." भाचेसून तोंडात ओढणी कोंबून बसली होती. ते आत्याला कडेनं स्वच्छ दिसत होतं.

मग काय, चटकच लागली. बर्फाच्या खिंडीत भाच्यानं मगर दाखवली.

"ऊन खात पडलीय बघ."

"तोंड उघडं आहे का रे?"

"उघडं आहे ना. वरचे दोन किडलेत."

सगळी गाडी हसून हसून डुलायला लागली. भाचेसुनेनं मोबाईलवर ते टिपलं आणि आपल्या भावंडांना पाठवलं. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत पलीकडच्या पलंगावर नवराबायको ते पुन्हा लावून हसत होती. आत्याला ऐकूही येत नाही असं कुणी ठरवलं होतं कोण जाणे.

आत्याला राग आला होता, आणि रागापेक्षा अपमान मोठा होता. पण बोलून जायचं कुठे? परक्या देशात रस्ता ओलांडायलाही यांचाच हात. बोलावं, तर उद्यापासून तिला खोलीतच बसवून जातील, आणि मग ते एक जनावरही गेलं. चिमीचं तेवढं तिला बरं वाटत होतं. पोरगी पहिल्या दिवसापासून बिबट्याचा जप करत होती आणि जे दिसेल ते इमानानं आत्याच्या कानात सांगत होती. "काहीच नाहीये आत्याआजी, नुसते दगड."

पाचव्या दिवशी चिमी म्हणाली, "आत्याआजी, ते बघ हत्तीचं पिल्लू! सोंडेनं टाटा करतंय तुला!"

भाच्यानं पोरीची पाठ थोपटली. आत्यानं त्या दगडाला हात हलवून टाटा केला. त्या दिवशी ती जेवली नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी जंगल होतं. कोरड्या ओढ्याच्या काठाला ड्रायव्हरनं गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. झाडावरची माकडं एकाएकी ओरडायला लागली होती. "कुणी बोलू नका," तो म्हणाला, "बिबट्या जवळ आहे." दहा मिनिटं सगळे श्वास रोखून बसले. वीस मिनिटांनी भाच्यानं लेन्स मांडीवर ठेवली आणि जांभई दिली. कंटाळा आला की त्याला आत्या आठवायची.

"आत्या! गेंडा! डाव्या हाताला, तुझ्याच बाजूला!"

आत्यानं डावीकडे पाहिलं. शिळा होती. भाचेसुनेनं मोबाईल उचलला, चिमी सीटवर गुडघे टेकून आत्याकडे वळली, भाचा पुढच्या सीटवरून मागे फिरला. आत्यानं मान उजवीकडे वळवून त्यांना विचारलं, "किती लांब आहे रे?"

आणि तिला तो दिसला. भाचेसुनेच्या खांद्यामागे, ओढ्याच्या पलीकडच्या खडकावर बिबट्या बसला होता.

तिनं झटकन त्याच्याकडे पाहिलं, आणि तो डागात गडप झाला. तिनं नजर परत या तिघांवर आणली, तसा तो कडेला पुन्हा उगवला. तेव्हा तिला उमगलं. बिबट्या बघायचा तर यांच्याकडेच बघत राहायला हवं. तिनं यांच्या तोंडांवर डोळे रोखले. तीन हसरी तोंडं करड्या डागात गेली, आणि खडकावरचा मात्र कान हलवताना दिसू लागला.

"शिंग एक की दोन?" आत्यानं विचारलं.

"एक. जरा वाकडंय."

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं आणि हात वर केला. "साहेब—"

"थांबा हो, व्हिडिओत आवाज येईल," भाचा खेकसला. ड्रायव्हरनं हात खाली घेतला.

आत्या प्रश्न विचारत राहिली. पिल्लू आहे का? चिखलात लोळलाय का? माझ्याकडे बघतोय का? एकेका प्रश्नाला तिघं उत्तरं रचत होती, एकमेकांना चिमटे काढत होती, आणि मागे बिबट्यानं पंजा चाटला, जांभई दिली, पुढचे पाय ताणून आळस दिला. शेपटीचं टोक पांढरं होतं. आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. भाचेसुनेनं मोबाईल आणखी जवळ आणला.

तो उठला, खडकावरून उतरला आणि झाडीत गेला. झाडी हलायची थांबेपर्यंत आत्या थांबली.

"बिबट्या गेला," ती म्हणाली.

सगळे फिसकन हसले. ड्रायव्हर हसला नाही. "बाई खरं सांगतायत. मागे खडकावर होता, पाच मिनिटं. मी सांगत होतो तुम्हाला."

भाचा लेन्स घेऊन धडपडत वळला. खडकावर ऊन होतं. भाचेसुनेनं मोबाईल मागेपुढे करून पाहिला, त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आत्याच होती. "बोलली का नाहीस?" भाचा ओरडला. "आठ दिवस मी त्याच्यासाठी मरतोय!"

"मी तुझा गेंडा बघत होते," आत्या म्हणाली.

चिमीनं भोकाड पसरलं. ते हॉटेल येईपर्यंत थांबलं नाही.

दुपारी खोलीत बॅगा भरणं चाललं होतं. चिमी हळूच येऊन आत्याच्या पलंगावर बसली. नाक वर ओढत म्हणाली, "सॉरी आत्याआजी. मी परत कध्धी खोटं नाही सांगणार तुला. कसा होता गं बिबट्या? सांग ना."

आत्याला सांगता आलं असतं. पंजा, जांभई, शेपटीचं टोक, सगळं. ती सांगायला लागली की चाळीस पोरांचा वर्ग हूं की चूं करायचा नाही. पोरगी तोंड वर करून वाट बघत होती. आत्यानं तिच्याकडे नीट डोळे रोखून पाहिलं, इतकं नीट की तिचं तोंड दिसेनासं झालं.

"मला कुठं गं दिसतं, बाळा?" ती म्हणाली.