बाकीचे एकोणनव्वद दिवस

"थांबा!" मुकादमीण म्हणाली, आणि तिचा अंगठा माळेच्या मण्यावर तसाच राहिला.

एका दमात नमो मरिया म्हणणाऱ्या पाच बायका अडखळल्या. तीस वर्षं दर सोमवारी ती याच खोलीत रोझरी चालवत होती. मध्येच थांबणाऱ्या बाईला नजरेनं भाजून काढायची. मुकादमीण हे गल्लीनं ठेवलेलं नाव. तिला ते मनातून आवडायचं.

"आनंदाचं दुसरं रहस्य," ती म्हणाली. "मरिया लगबगीनं डोंगरात गेली, गरोदर एलिझाबेथकडे. तीन महिने राहिली. राहून केलं काय?"

"मावशी, आधी माळ पुरी करा," पाचांतली नर्सबाई म्हणाली. "माझं दूध गॅसवर आहे."

माळ पुरी झाली, प्रश्न काही पुरा होईना. कारण घरातच होतं. सुनेच्या थोरल्या बहिणीला त्रेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच दिवस गेले होते. डॉक्टरांनी पलंगावरून उतरायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि नवरा आठ-आठ दिवस ट्रकवर. सून शाळेत शिकवायची. परीक्षा तोंडावर, रजा नाही.

"नोकरीच सोडते," सून सकाळी डोळे पुसत म्हणाली होती.

"सोड आणि बस घरात," मुकादमीण फणकारली होती.

मग जायचं कुणी? मोकळी अशी ती एकटीच. पण याच बहिणीला तिनं सुनेच्या लग्नात, भर पाहुण्यांत म्हटलं होतं, "धाकटी खपली, हिला आता कोण विचारतंय?" त्याला दहा वर्षं झाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

दुसऱ्या दिवशी चर्चमधली मिस्सा संपल्यावर तिनं फादरना दारातच गाठलं.

"फादर, एलिझाबेथकडे जाऊन मरियेनं केलं काय?"

"देवाची स्तुती केली."

"ती एक दिवस झाली. बाकीचे एकोणनव्वद?"

फादरना हसू आलं. "ते शुभवर्तमानात लिहिलेलं नाही, बाई."

"म्हणजे पाणी भरलं असणार. भांडी घासली असणार. लिहिण्यासारखं काय त्यात?" तिनं बोट वर केलं. "आणि मरियेच्या स्वतःच्या पोटात देव असताना, फादर! निरोप धाडला असता तर एलिझाबेथच आली असती की हिच्या दारी."

"धाडला नाही खरा," फादर म्हणाले.

बुधवारी मुलगा तिला बसवर सोडायला आला. "आई, ती तुला घरात घेईल का?"

"ती पडूनच आहे. हाकलायला उठणार कशी?" ती म्हणाली. पण पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली.

बहिणीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. पलंगावरच्या बाईनं मान वळवली आणि बघतच राहिली. "तुम्ही?"

"मीच. झाडू कुठंय?"

बहिणीनं नुसतं दाराआड बोट दाखवलं.

तिनं घर झाडलं, ओट्याची मेण चढल्यासारखी चिकट फरशी घासली, तुंबलेले कपडे धुतले, भात आणि डाळ शिजवली. दुपार झाली. मग बहिणीच्या पाठीला उशी लावून तिनं ताट पुढ्यात ठेवलं.

बहिणीनं एक घास खाल्ला. ताट जरासं सरकवलं. "खारट झालंय," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

मुकादमिणीच्या स्वयंपाकाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं; सख्ख्या सासूची छाती झाली नव्हती. तिनं पदराला हात पुसले, ताट उचललं.

"संध्याकाळी कमी घालते," ती म्हणाली. "तोवर नुसता भात खा. दही आहे का घरात?"