कडक माप

त्या रविवारी कुंडलवर सकाळपासून आभाळ दाटून राहिलं होतं. फाल्गुन सरत आलेला, पाडवा सहा दिवसांवर. पाऊस म्हणावा तर नाही, ऊन म्हणावं तर तेही नाही. वारा अगदी पडलेला. रानात कुणी तरी उसाचा पाला पेटवला होता, त्याचा धूर वर जायला तयार नव्हता; गल्लीतनं जमिनीसरसा रांगत होता. अशा दमट हवेत माझं अंग आपोआप ढिलं पडतं. त्यात पायाला कुलूप बांधलेलं.

मी शिवणाचा टेप बोलतोय. कापडी, पिवळ्या रोगणाचा, साठ इंची, दोन्ही टोकांना पितळेची पट्टी. शिवणाचा टेप फौजीच्या घरात खिळ्याला कसा आला, आणि त्याला कुलूप कशाला, ते सांगतो. बिगीबिगी सांगायची मला सवय नाही. आमची जात इंचाइंचानं पुढं जाणारी. जरा दमानं ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला मला ठाऊक नाही. मला आठवतं ते सांगलीच्या बाजारातलं एक दुकान, आणि मला दोन बोटांवर फिरवून बघणारे आबा टेलर. आबांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. अक्षर येत नव्हतं, पण माझ्यावरचे आकडे त्यांना पोरांच्या नावांसारखे पाठ. त्यांनी मला गळ्यात घातलं आणि कुंडलला आणलं. पुढं नऊ वर्षं मी त्यांच्या गळ्यातच राहिलो.

त्या नऊ वर्षांत मी माणसं ओळखायला शिकलो. टेप लागला की माणूस खरा राहत नाही. गडी असला तर छाती काढतो, पोट आत ओढतो. "मोकळा श्वास घ्या," आबा म्हणायचे, आणि तो श्वास सोडेपर्यंत विडी पेटवून घ्यायचे. म्हातारी माणसं म्हणायची, "जरा मोठाच शिवा, पुढं पोराला व्हईल." एप्रिलात जयंतीला आम्ही निळे झेंडे शिवायचो. जूनमध्ये शाळेचे गणवेश. आबा मला कधी ओढायचे नाहीत. माणसाच्या अंगावर मला नुसतं टेकवायचे.

आबांच्या दुकानाला लागून आकाराम हवालदाराचं घर. मध्ये एक मातीची भिंत. आकाराम सतरा वर्षं फौजेत काढून आलेला. त्याचा एकुलता पोरगा राजवर्धन, सोळा वर्षांचा, गावच्या तालमीत कुस्ती खेळायचा. चपळ पोरगं. त्या दिवाळीला सांगलीच्या एका मोठ्या तालमीतले वस्ताद गावात आले होते. त्यांनी राजवर्धनची कुस्ती पाहिली आणि म्हणाले, "पोरगं झ्याक हाय. अंग तेवढं भरू द्या. छाती चौतीस झाली की आणा. पाडव्यापतोर जागा ठेवतो."

झालं. त्याच दिवशी आकाराम दुकानात आला.

"आबा, टेप द्या घटकाभर."

आबांनी मला गळ्यातनं काढून दिलं. ती घटका पुढं साडेचार महिने चालली. आबांनी परत मागितलं नाही. त्यांचा स्वभावच तसा. त्यांनी गुपचूप दुसरा टेप आणला.

पहिल्या दिवशी राजवर्धन भरला बत्तीस. खरं बत्तीस. तेव्हा मी खोटा नव्हतो.

मग सुरू झालं. पहाटे जोर, बैठका, पाठीवर वाळूचं पोतं घेऊन पळणं. दूध, तूप, बदाम. तूप पोराच्या ताटात, आणि आकाराम स्वतः चटणीभाकरी खायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. दर शनिवारी तेलमालीश झाली की माप. आणि माप कसं, तर कडक. दोन्ही हातांत धरून मला आधी फट्‌दिशी ताणायचा, मग पोराच्या छातीभोवती आवळायचा.

"जरा सैल धरा की, त्याला श्वास घिऊ द्या," त्याची बायको राहीबाई म्हणायची.

"फौजेत सैल माप चालत न्हाई. आपून हितं गोड बोलून घ्यायचं, आन सांगलीत पोरगं तोंडावर पडायचं. ते न्हाई जमायचं."

एरवी मला एका डब्यात कोंबून ठेवायचे. अंधार, आणि झाकण घट्ट. डब्यात राहून माझ्या अंगाला वेटोळी पडली. आकारामला शिस्तीची सवय. वाकडं काही त्याला खपत नाही. वेटोळी जावीत म्हणून त्यानं मला भिंतीच्या खिळ्याला टांगलं, आणि खालच्या टोकाला एक जुनं लोखंडी कुलूप बांधलं. चांगलं किलोभराचं.

तेव्हापासून मी तिथंच. वर खिळा, खाली कुलूप. पाठीमागच्या भिंतीपलीकडं आबांचं मशीन चालायचं, ते ऐकू यायचं. कात्रीचा आवाज यायचा. माझं घर एक वीत लांब, आणि मी इकडं.

दिवसभर ते वजन मला खाली ओढायचं. शनिवारी तेलानं माझं रोगण भिजायचं. मग पुन्हा टांगणं. एक एक धागा सुटत चालला. संक्रांतीनंतर मला कळलं की मी वाढतोय. माझ्यावरचे आकडे एकमेकांपासनं लांब सरकताहेत. कळलं खरं, पण सांगू कुणाला? टेपाला आकडे असतात, तोंड नसतं.

संक्रांतीला राजवर्धन भरला तेहतीस. आकारामनं पेढे वाटले. पुढच्या शनिवारी तेहतीस. त्याच्या पुढच्या शनिवारी तेहतीस. माघ संपला तरी तेहतीसच.

"खाल्ल्यालं कुठं जातंय रं?" आकाराम विचारायचा.

राजवर्धन सदरा चढवायला लागायचा.

"एवढ्या दुधात रेडकू हत्ती झालं असतं. आळस करतूस तू. तालमीत नुसतं बसून येत असशील."

पोरगं आळशी नव्हतं. मी खिडकीसमोर टांगलेला. मला परसातलं दिसायचं. दुधाचा तांब्या घेऊन ते गोठ्यामागं जायचं आणि प्यालेलं सगळं ओकून टाकायचं. तोंड धुऊन परत यायचं आणि बैठका मारायला लागायचं. उजवा खांदा दुखायचा, तर डाव्या हातानं जेवायचं. ताटावर बसल्या बसल्या डुलकी लागायची. गावच्या जत्रेत ज्या पोराला ते मिनिटात चीत करायचं, त्याच्याशी बरोबरीत सुटून आलं.

शरीराची काय हद्द असते ते मला अंगावरून कळत होतं. ओढलं की मी लांब होतो, पण ते वाढणं नसतं. ते सुटणं असतं.

राहीबाईनं एकदा सांगून बघितलं. "आवं, त्याच्या सदऱ्याची बटनं तुटत्यात. पोरगं वाढलंय."

"सदरा आटला असंल," आकाराम म्हणाला, आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यो काय खोटं सांगतोय?"

कुलपासकट गळून पडावं असं वाटलं मला. खिळा काही सुटला नाही.

आणि मग पाडव्याच्या आधीच्या आठवड्यात आकारामनं एक पुठ्ठ्याचं खोकं आणलं. धुळा नावाचा एक जत्रेतला पैलवान त्याच्या ओळखीचा, त्यानं दिलेलं. आत सहा लहान बाटल्या. खोकं माझ्या शेजारच्या कोनाड्यात ठेवलं.

"ताकदीच्या सुया हायत," तो राहीबाईला म्हणाला. "धुळा म्हणतोय, आठ दिसांत छाती फुगती. ऐतवारी आप्पासो कंपौंडर यील टोचाय."

"धुळाचं तोंड बघितलंय का तुमी? फुगल्यालं न्हाई, सुजल्यालं हाय ते."

"तुला काय कळतंय त्यातलं."

 शनिवारी राहीबाई राजवर्धनचा सदरा घेऊन बाहेर पडली, आणि थोड्या वेळानं भिंतीपलीकडं तिचा आवाज आला. काय बोलली ते मशीनच्या आवाजात कळलं नाही. पण मशीन मध्येच थांबलं, आणि बराच वेळ सुरू झालं नाही.

असा तो रविवार उजाडला होता. धूर घरात शिरत होता. आणि उंबऱ्यात आबा उभे राहिले. गळ्यात नवा टेप, काखेत मापाचा लोखंडी गज, हातात तोच सदरा.

"हवालदार, हाय का घरात?"

"या आबा. च्या घ्या."

"च्या ऱ्हाऊ द्या. माझा टेप न्यायला आलोय."

"आज नगं आबा. दुपारच्याला आप्पासो यायचाय. त्याच्या आदी एक माप घ्यायचं हाय."

"घिऊ की. मी बी मापालाच आलोय." आबा खाली बसले. सदरा उलटा करून त्यांनी कुशीची शिवण दाखवली. "ह्यो दिवाळीला शिवला. आत दोन इंच माया ठिवली हुती." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. "संक्रांतीला एक इंच उसवून दिली. काल वहिनी आल्या, राहिल्याली बी उसवली. तुमी म्हणता पोरगं वाढंना. मग ती माया काय मी खाल्ली?"

"धुऊन आटला असंल."

"टेरिकॉट हाय, हवालदार. टेरिकॉट आटत न्हाई. तुमच्या-माझ्यापरीस जास्त टिकतंय."

आबांनी माझ्या पायाचं कुलूप सोडलं. चार महिन्यांनी माझं अंग हलकं झालं, पण मला उभारी आली नाही. मी तसाच लोंबत राहिलो. त्यांनी मला गजावर निजवलं आणि अंगठ्यानं हळू सरळ केलं.

"बगा. टेपाचं तेहतीस गजाच्या कुठल्या आकड्यावर येतंय?"

आकाराम वाकला. बराच वेळ बघत राहिला. "पावणेचौतीस," तो म्हणाला. मग म्हणाला, "टेप खोटा हाय?"

"खोटा न्हवता. ताणलाय." आबा एवढंच बोलले. कुलूप त्यांच्या मांडीपाशीच पडलं होतं.

राजवर्धनला परसातनं बोलावलं. सदरा काढून ते उभं राहिलं आणि सवयीनं हात वर केले. आबांनी नवा टेप त्याच्या छातीला नुसता टेकवला. "श्वास घे बाळा. आन सोड. पावणेचौतीस."

 चौतीसाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी होतं. करंगळीच्या नखाएवढं. आकारामची नजर कोनाड्याकडं गेली. मला ती नजर ओळखीची होती.

"आबा, दोन सुताचा तर सवाल हाय. सहा दिस हायत. एक-दोन सुया दिल्या तर..."

आबांनी सदरा पुन्हा उलटा केला. "माया संपली, हवालदार. आता ह्यो आनखी मोठा करायचा तर कापड वढाय लागतंय. तसं बी करता येतं. चार दिस झ्याक दिसतंय. मग काखंत फाटतंय. आन काखंत फाटल्याला सदरा मला बी नीट करता येत न्हाई."

"पोरगं काय सदरा हाय व्हय?"

"न्हाई. म्हनून तर आलो. सदऱ्यापायी कोण उठून येतंय सकाळच्या पारी? त्यानं चार महिन्यांत पावणेदोन इंच काढलंय. सोळाव्या वर्साला किती काढायचं? विसाव्याला बी काय तरी ऱ्हाऊ दे अंगात."

तेव्हा राजवर्धन बोललं. खालीच बघत, हळू.

"तात्या, मी आळस करत न्हवतो."

 आकारामनं कुलूप उचललं, हातात तोललं. मग कोनाड्यातलं खोकं काढून राहीबाईच्या हातात दिलं. "धुळाला परत करायचं हाय," म्हणाला. 

पुढचं थोडक्यात सांगतो. त्या पाडव्याला राजवर्धन सांगलीला गेलं नाही. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. विसाव्या वर्षी त्याची छाती पस्तीस भरली आणि तिथंच थांबली. त्याच्या अंगात तेवढीच होती. मोठा पैलवान काही ते झालं नाही. पण अजून आसपासच्या जत्रांत खेळतं, हसत हसत घरी येतं, आणि उजव्या हातानं जेवतं.

मी आता आबांच्या दुकानात असतो. मापाला मला कुणी घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. निळ्या झेंड्यांचे गठ्ठे बांधायला माझा उपयोग होतो. सुटलेला धागा परत आत जात नाही. मी आहे हा असाच राहणार. माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे. माप घ्या, जरूर घ्या, पण घेताना हात सैल ठेवा. आकडा पुढं सरकला नाही तर पोराला बोलण्याआधी एकदा टेप तपासा.

त्या दिवशीचं शेवटचं तेवढं सांगायचं राहिलं. आबांनी मला बोटांवर गुंडाळलं आणि ते उंबऱ्यापाशी आले. आकाराम मागोमाग आला.

"आबा, तुमच्या टेपाचं वाटोळं केलं मी," तो म्हणाला. "नवा आणून देतो."

आबांनी चपला पायात सरकवल्या. आत एकदा वळून पाहिलं.

"टेपाचं काय न्हाई, सांगलीत ढीगभर मिळत्यात. तुमी आत जावा, हवालदार. पोराला हात खाली घे म्हना. कवाधरनं वर करूनच हुबं हाय."