स्वर्गात पोचलेलं बोट

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर छायाबाबा एक कोरा कागद दिव्यजलात बुडवायचे आणि त्यावर हळूहळू गेलेल्या माणसाचा चेहरा उमटायचा. अट एकच होती. त्या माणसाचा घरातला कृष्णधवल फोटो आधी बाबांच्या हवाली करायचा. बाबा तो पाकिटात घालून सर्वांदेखत जाळत. रंगीत फोटो चालत नसे. परलोकाला रंगांचं काय वावडं होतं, ते बाबाच जाणोत. आणि वरून आलेल्या माणसाच्या अंगात सदरासुद्धा फोटोतलाच कसा, हे रडण्याच्या भरात कुणी विचारत नसे.

तिसऱ्या रांगेत रसायनशास्त्राच्या बाई धुमसत बसल्या होत्या. वहिनीने दादाचा एकुलता एक फोटो त्यांना न विचारता बाबांना देऊन टाकला होता. तो बाईंनीच कॉलेजात असताना साध्या कॅमेऱ्याने काढला होता, आणि निगेटिव्ह केव्हाच हरवली होती. दादा गेल्यापासून दोघी त्या फोटोसमोर बसून चहा प्यायच्या आणि त्याच्याविषयी बोलायच्या. आता भिंतीवर नुसता खिळा होता आणि दोघींत अबोला.

वहिनीची पाळी आली. पाण्यात आधी कपाळ, मग मिशी, मग दादाचं हसू वर आलं. वहिनी रडू लागली.

"हे त्यांचं आजचं रूप," बाबा म्हणाले. "तिथे ते प्रसन्न आहेत."

तेवढ्यात कागदाच्या कोपऱ्यात एक धूसर गोळा उमटला. बाई तरातरा व्यासपीठावर गेल्या.

"बाबा, हे माझं बोट. फोटो काढताना भिंगाच्या आड आलं होतं. दादा हसतोय तो त्यालाच. दादा वर गेला, कबूल. पण माझं बोट तिथे कसं पोचलं?"

बाबांना एकदम झोळी आवरायची आठवण झाली. बाईंनी त्यांच्या झोळीतले उरलेले कोरे कागद त्याच पाण्यात सोडले, तेव्हा पुढच्या आठवड्यात यायचे आत्मे आजच हजर झाले. समोर बसलेल्या एका शिंप्याची आई तर उंदराने कुरतडलेल्या कोपऱ्यासकट आली. वरही उंदीर आहेत का, असं शिंप्याने बाबांना विचारलं.

मग बाईंनी वर्गात सांगावं तसं सांगितलं. जळायचं ते दुसरंच पाकीट. खरा फोटो बाबा एका रसायनात बुडवत. त्याने चित्र पांढरं पडतं, पण नाहीसं होत नाही. दिव्यजल म्हणजे फोटो धुताना वापरतात ते हायपोचं पाणी. ते लागलं की चित्र परत दिसतं. रंगीत फोटोवर ही युक्ती चालत नाही.

वहिनी ओला फोटो पदराने टिपत होती. "म्हणजे ते आले नव्हते?"

"नाही, वहिनी. दादा येणार नाही. पण त्या दुपारी तो हसला, हे खरंच घडलं आणि ते या कागदावर राहिलंय. त्याला कॅमेरा पुरला, बाबा लागला नाही." मग त्या लोकांकडे वळल्या. "फोटो घरी न्या, जपा. आणि यापुढे कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा, हे केलं कसं?"

स्वच्छ पाण्यात धुतलेला, जरा तपकिरी झालेला फोटो पुन्हा खिळ्यावर लागला. वहिनीने दोन कप चहा आणला.

"वन्सं," ती म्हणाली, "तेव्हा ते हसत हसत काय म्हणाले होते, ते पुन्हा सांगा."