उजव्या हाताचा ब्रेक

त्या रविवारी उतारशेठला काय काय मिळणार होतं, ते आधी सांगते. सायकल क्लबच्या वार्षिक पुस्तिकेत दोन पानं. वर ठळक मथळा, 'डोंगरउतारावरची सव्वीस वर्षं'. एक जुना फोटो, एक नवा. आणि पुढच्या वर्षी अध्यक्ष निवडायची वेळ आली, की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आपोआप त्याचाच चेहरा. एवढ्या मिळकतीसाठी त्याने आठवडाभर रजा काढून मला घासूनपुसून लख्ख केलं. त्याआधीच्या अकरा वर्षांत त्याने माझ्यावरून साधं फडकंही फिरवलं नव्हतं. त्यामुळे हे प्रेम माझ्यासाठी नाही, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं.

मित्रांनो, मी त्याची पहिली माउंटन बाइक. पोलादी, जड आणि विटकरी रंगाची. ज्या वेल्डरने मला जोडलं तो फार बोलायचा नाही, पण प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवल्याशिवाय फ्रेम पुढे सोडायचा नाही. त्याचे सांधे अजून शाबूत आहेत. माझ्या आयुष्यात जे काही निखळलं, ते त्याच्या हातचं नव्हतं.

उतारशेठ तेव्हा उतारशेठ झालेला नव्हता. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत पाइपांचे नकाशे काढणारा एक सडपातळ तरुण होता. कागदावर केसाएवढी रेघ हलली तर पुन्हा काढणारा. मला घरी आणल्यावर त्याने पहिलं काम काय केलं असेल? तर माझे ब्रेक उलटे केले. त्या गावातल्या झाडून सगळ्या सायकलींना उजव्या हाताला मागच्या चाकाचा ब्रेक असायचा आणि डाव्या हाताला पुढच्या. पण हा आधी मोटरसायकल चालवायचा. तिचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. शिवाय खरी ताकद पुढच्या ब्रेकात असते आणि माणसाची ताकद उजव्या हातात असते, असा त्याचा हिशेब. दोन केबली सोडवायच्या, इकडची तिकडे लावायची, अर्ध्या तासाचं काम. पुढे जेवढ्या सायकली आल्या, तेवढ्यांचे ब्रेक त्याने असेच उलटे करून घेतले. डोंगरात सायकल घालणाऱ्या मुरलेल्या लोकांत ही खोड असते. तिचा त्यांना अभिमानही असतो.

सुरुवातीची वर्षं मात्र चांगली होती, खोटं का बोलू? तो मला खांद्यावर घेऊन डोंगर चढायचा आणि माझ्यावर बसून उतरायचा. दगड, मुळं, चिखल, सगळं आम्ही दोघांनी मिळून खाल्लं. पहिल्या शर्यतीत आम्ही तिसरे आलो, तेव्हाचा फोटो आहे. पुढे क्लब झाला, क्लबाला टेम्पो मिळाला, आणि हा गडी चढ टेम्पोतून आणि उतार सायकलवरून करू लागला. उतारशेठ हे नाव तेव्हा पडलं. नाव ठेवणाऱ्यांनी टोमणा मारला होता, त्याने तो सन्मान समजून टोपीवर शिवून घेतला.

शिवून दिला तो त्याच्या बायकोने. ती शिवणकामाच्या मोठ्या दुकानात कापड बेतायची. गिऱ्हाईक आत आलं, की आधी विचारायचं, "बेतणाऱ्या बाई आहेत ना?" असल्या तरच कापड पिशवीतून बाहेर काढायचं. खडूची एक रेघ, त्यावरून कात्री, दुसरी रेघ नाही. घरातल्या मागच्या खोलीत तिचं लांबलचक टेबल होतं. मी त्या टेबलाशेजारी उभी असायची. बेतताना ती माझ्या हँडलला टेप अडकवून ठेवायची.

मग दुसरी सायकल आली, पुढे स्प्रिंगवाली. मग मागेपुढे दोन्हीकडे स्प्रिंगवाली. मग ॲल्युमिनियमची. प्रत्येक वेळी तो बायकोला सांगायचा, ही शेवटची. ती म्हणायची, बरं, शेवटची आहे तर हिला टेबलाच्या या बाजूला ठेवा, मागची शेवटची त्या बाजूला आहे.

अकरा वर्षांपूर्वी क्लबाने जाहीर केलं, की या रविवारी जोडीने यायचं. उतारशेठला तेव्हा क्लबाचा उपाध्यक्ष व्हायचं होतं. बायको येत नाही म्हणाली. मला सायकल येते ती बाजारात जाऊन यायपुरती, हेही तिने सांगितलं. तो म्हणाला, उतार अगदी सोपा आहे, आणि तुला माझी सगळ्यात विश्वासाची सायकल देतो. त्याने माझ्या टायरांत हवा भरली, चेनला तेल दिलं, तिच्या उंचीला सीट खाली केली. ब्रेकबद्दल एक शब्द बोलला नाही. मुद्दाम लपवलं असं मी म्हणणार नाही. पंधरा वर्षं जे त्याच्या हाताला बरोबर होतं, ते दुसऱ्याच्या हाताला उलटं असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

उतार खरंच सोपा होता. मध्यावर वाटेत सुटे दगड आले. तिने घाबरून नव्हे, चांगलं शहाणपणाने उजवा ब्रेक दाबला, कारण जन्मभर तिचा उजवा हात मागचं चाक थोपवत आला होता. पण माझं पुढचं चाक जागच्या जागी थांबलं. मी तिथेच उभी राहिले आणि ती माझ्यावरून पुढे गेली. उजवा तळवा टेकून पडली. मनगटाचा आवाज मी ऐकला. उतारशेठने नाही ऐकला, तो तोवर खाली पोचून टाळ्या घेत होता.

दवाखान्यातून तो तिचे कपडे आणि कागदपत्रं न्यायला घरी आला. पिशवी पाच मिनिटांत भरून झाली. मग त्याने पाना घेतला. तिकडे ती बाकावर हात धरून बसली होती आणि इकडे तो माझे ब्रेक सुलटे करत होता. पाना दोनदा हातातून निसटला, एवढं त्याच्या बाजूने सांगते. त्यापलीकडे त्याच्या बाजूने सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

चार दिवसांनी ती हाताला प्लास्टर घालून घरी आली आणि चहासुद्धा न घेता मागच्या खोलीत आली. डाव्या हाताने तिने माझी सीट टेबलाच्या कडेला अडकवून मागचं चाक अधांतरी केलं, पायाने पॅडल फिरवलं, आणि त्याच डाव्या हाताने उजवीकडचा ब्रेक दाबून बघितला. मागचं चाक थांबलं. तिने पुन्हा पॅडल फिरवलं, पुन्हा ब्रेक दाबला. चाक पुन्हा थांबलं.

"म्हणजे चुकीचा ब्रेक मीच दाबला," ती म्हणाली.

तो दारात उभा होता. "होतं असं," तो म्हणाला. "माणूस घाबरलं की."

मित्रांनो, मला घंटी होती, पण वाजवणारं कुणी नव्हतं.

मनगट जुळलं, पण मूठ पुन्हा पुरती मिटली नाही. जड कात्री तिच्या हातात राहीना. दुकानाने तिला काढलं नाही, काजं-बटणांवर बसवलं. पूर्वी जी गिऱ्हाइकं तिच्यासाठी थांबायची, ती आता तिला ओलांडून आत जायची. घरातलं टेबल मोडून ठेवलं, कारण आता त्याचा काय उपयोग, आणि त्या जागी भिंतीवर हुक बसले. एकीपाठोपाठ एक तीन सायकली आणखी आल्या. एक कार्बनची, जी तो पाहुण्यांना एका बोटावर उचलून दाखवायचा. एक मोठ्या चाकांची. आणि एक बॅटरीवाली, जिच्यामुळे टेम्पोचीही गरज संपली. मला सगळ्यात वरच्या हुकावर उलटं टांगलं. हाताचं कुणी विचारलं, की बेतणारी आधीच हसायची आणि म्हणायची, मी वेंधळी हो, एवढ्याशा उतारावर पडले. हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं. दर वेळी उतारशेठ शेजारी असायचा आणि दर वेळी त्याला चहात काहीतरी सापडायचं.

आता तो रविवार. पुस्तिकेचे संपादक म्हणजे निवृत्त शाळामास्तर, काटेकोर माणूस. त्यांनी आधीच बजावलं होतं, की जुन्या फोटोत सायकल जशी आहे तशीच नव्या फोटोत हवी. नकाशेवाल्याला एवढं पुरे होतं. त्याने जुना फोटो भिंग लावून बघितला. तसेच टायर शोधले, हँडलच्या तशाच मुठी शोधल्या, आणि केबली फोटोतल्यासारख्या, म्हणजे पुन्हा उलट्या, लावल्या. त्याला आठवण नव्हती असं नाही. लावताना एकदा थांबला होता. पण बटणं लावणाऱ्या बाईला केबलीतलं काय कळतं, असा विचार त्याने केला असावा.

संपादकांनी सातही सायकलींची माहिती लिहून घेतली. बेतणारी ट्रे घेऊन आली, डाव्या हाताने तोलून. संपादक फोटोवर पेन्सिल टेकवून म्हणाले, "या दोन केबली इथे एकमेकींवरून का गेल्यात हो? बाकीच्यांच्या सायकलींना नाहीत."

असा प्रश्न जन्मात एकदा विचारला जातो, आणि विचारणारा जाणकार असला की उत्तर पोटात राहत नाही. उतारशेठची छाती पुढे आली. "ती आपली खासियत. पुढचा ब्रेक उजव्या हाताला. पहिल्या दिवसापासून. या सायकलवर दुसरं कधी काही चाललंच नाही."

ट्रेमधले कप एकदा वाजले. तिने ट्रे खुर्चीवर ठेवला, फोटोसाठी मला स्टँडवर अधांतरी चढवलं होतं तिथे आली, आणि पुढचं चाक डाव्या हाताने फिरवलं. मग उजवा हात उजव्या ब्रेकवर ठेवला आणि दाबला. बोटं अर्ध्यापर्यंत मिटली. तेवढ्या मुठीने ब्रेक लागला नाही. चाक आपलं फिरत राहिलं.

"हे लिहून घ्या, मास्तर," ती म्हणाली. "पुढचा ब्रेक उजव्या हाताला. पहिल्या दिवसापासून. त्यांच्याच शब्दांत लिहा."

उतारशेठने तिचं नाव घेतलं आणि ट्रेमधला कप हातात घेतला. संपादकांना वाटलं, नवऱ्याचं कौतुक चाललंय. त्यांनी शब्दन् शब्द लिहून घेतला.

पुस्तिका निघाली. दुसऱ्याच दिवशी त्याने मला विकायचं ठरवलं. "ही जाणार नाही," ती म्हणाली. "ब्रेकला हात लावायचा नाही." फोटोनंतर मी पुन्हा वरच्या हुकावर गेले होते, तिथून तिने मला उतरवून घेतलं आणि दारासमोर टांगायला लावलं. आता हाताचं कुणी विचारलं, की ती हसत नाही. यांना विचारा, म्हणते, आणि कप उचलून आत जाते.

मित्रांनो, तुमची वस्तू दुसऱ्याच्या हातात द्याल तेव्हा तिला तेल द्या, हवा भरा, पुसून द्या. पण तुम्ही तिच्यात स्वतःच्या सोयीसाठी जे फिरवून ठेवलं असेल, ते आधी तोंडाने सांगा. आणि सांगायचं राहूनच गेलं, तर निदान पाना हातात घेऊ नका. पडलेलं माणूस एकदा उठतं. पण चूक आपलीच होती असं समजून अकरा वर्षं हसत राहिलेल्या माणसाला ती वर्षं कुणी परत देत नाही.

आता कुणाला काय मिळालं ते सांगून टाकते. उतारशेठला दोन पानं मिळाली, फोटो चांगला आला, आणि या वर्षी तो अध्यक्षही झाला. संपादकांना मजकूर मिळाला. मला पॉलिश मिळालं. मागच्या खोलीत आठव्या सायकलीसाठी नवा हुक बसलाय, नेमका जिथे टेबल होतं तिथे. त्या हुकाखाली बसून ती दुकानातून आणलेल्या शर्टांना डाव्या हाताने बटणं लावते.