जिद्द पुरस्काराची मानकरी

विनयाच्या घाबरटपणाबद्दल तिच्या माहेरी कोणालाच शंका नव्हती. पाल दिसली की ती अजूनही पलंगावर चढायला बघते. पाय साथ देत नाहीत ही गोष्ट वेगळी. रक्त तपासायला माणूस घरी आला की ही आधी रडून घेते आणि मग हात पुढे करते. अशा बाईला दिल्लीतल्या एका मराठी मंडळाने यंदाचा जिद्द पुरस्कार जाहीर केला, तेव्हा पुण्याहून बहिणीचा फोन आला. ती अभिनंदन वगैरे काही म्हणाली नाही, नुसती हसत सुटली.

पुरस्कार ठरवला होता श्यामकांतकाकांनी. काका मंडळाचे अध्यक्ष. केंद्र सरकारातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बोलताना अजून फाइलवर शेरा मारल्यासारखे बोलतात. आपली तब्येत सूर्यनमस्कारांमुळे टिकली आहे असं ते येईल त्याला सांगतात. सरकारी दवाखान्यातून दर महिन्याला पिशवी भरून गोळ्या येतात, त्यांचा उल्लेख कधी ऐकला नाही. तर काकांनी मानपत्रात लिहिलं होतं, ‘दुर्धर आजारावर केवळ इच्छाशक्तीच्या बळावर मात.’

आता या ‘केवळ’चं काय करायचं?

विनयाला एमएस आहे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आपल्याच शरीरातले शिपाई आपल्याच नसांवरचं आवरण कुरतडत बसतात, उंदरांनी वायर कुरतडावी तसं. मग कधी एका डोळ्याला दिसेनासं होतं, कधी पाय लाकडाचे होतात, कधी हातातला कप सुटतो. हा आजार बरा होत नाही. पण चांगलं औषध वेळेवर आणि न चुकता मिळालं तर उंदीर वर्षानुवर्षं झोपून राहतात. विनयाला ते मिळत होतं. वर्षातून दोनदा घराजवळच, दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात आरामखुर्चीवर बसायचं, पायांवर पांघरूण घ्यायचं, हातात सलाइन लावायचं आणि मोबाइलवर मालिका बघायची. नर्स मधूनच कॉफी आणि बिस्किटं आणून द्यायची.

पैसे राजीवच्या कंपनीच्या विम्यातून जायचे. काउंटरवर कार्ड द्यायचं, तिथली मुलगी कीबोर्डवर काहीतरी बडवायची, “अप्रूवल आ गया जी” म्हणायची, की झालं. कॅशलेस! बिल परस्पर जायचं. इतक्या वर्षांत त्या औषधाची किंमत घरात कोणी डोळ्यांनी बघितलेली नव्हती, आणि जे दिसतच नाही त्याचे आभार कोण मानणार? सोसायटीतल्या लोकांना दिसायची ती काठी टेकत भाजी घ्यायला उतरलेली विनया. त्यांनी तिला जिद्द म्हणून टाकलं. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला ही बाई ‘आज डोकं दुखतंय गं’ म्हणून अर्ध्यावरून परत पाठवते, हे कुठे त्यांना ठाऊक होतं.

खरी जिद्द विनयाने पाहिली होती. तिचं नाव प्रमोदिनी.

दोघींचा आजार एकाच हिवाळ्यात कळला. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या गर्दीत विनया दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला गेली होती. शेजारच्या बाकावरून उठताना कोणीतरी ‘आई गं’ म्हणालं. दिल्लीत ‘आई गं’ ऐकलं की मराठी माणसाची मान आपोआप वळते. प्रमोदिनी साताऱ्याकडची, राहायला गाझियाबादला. नवरा जयेश छापखान्यात होता, तोही ठेकेदाराच्या माणसांत. तिथे कार्ड नव्हतं, काउंटर नव्हता आणि कीबोर्ड बडवणारी मुलगीही नव्हती.

पण बाई कशी होती म्हणाल! पहाटे उठून आसनं, नाचणीची भाकरी, घरी गणिताच्या शिकवण्या. हात थरथरायला लागला तेव्हा फळ्यावरचं लिहिणं मुलांकडून करून घ्यायला लागली आणि त्यांनाच सांगायची, की यामुळे तुमचं गणित सुधारतंय. विनया फोनवर रडायची, ती फोनवर हसवायची. औषध मात्र तिला तुटक तुटक मिळालं. सरकारी दुकानात आलं तर मिळायचं. नाही आलं तर ‘अगले हफ्ते देखो.’ तो पुढचा आठवडा बघायला गाझियाबादहून यायचं म्हणजे जयेशचा खाडा. मग एक दिवस ती म्हणाली, “मी औषधाची सुई बंद केली विनया, योगाने खूप बरं वाटतंय.” विनयाने ते खरं मानलं. खरं मानणंच सोपं होतं.

त्यानंतर प्रत्येक अटॅकने काहीतरी नेलं आणि परत आणून दिलं नाही. आधी काठी आली, मग व्हीलचेअर, मग पलंग. या आजाराने माणूस सहसा सरळ मरत नाही, पलंग मारतो. पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला आणि गेल्या हिवाळ्यात प्रमोदिनी गेली. मंडळाच्या शोकसभेत श्यामकांतकाका म्हणाले, “शेवटी शेवटी हिंमत हारल्या बिचाऱ्या.” विनयाचं अंग रागाने थरथरलं. शेजारी बसलेल्या हेमलताकाकूंना, म्हणजे अध्यक्षांच्या बायकोला, वाटलं, आजाराचं असेल. त्यांनी तिच्या अंगावर शाल घातली.

आता राजीवचं सांगायला हवं. राजीव माणूस वाईट नाही. बायकोचे पाय आखडले की टीव्हीवर मॅच असली तरी उठून चोळून देतो. पण पन्नाशीला आलेल्या आयटीतल्या पुरुषाला जे होतं ते त्यालाही झालं. त्याला स्वतःचं काहीतरी करायचं होतं. त्याचा मित्र सिद्धांत एक ॲप काढत होता, मनोबल वाढवणारं. रोज सकाळी एक गोड आवाज तुम्हाला सांगणार, की सगळं काही तुमच्याच मनात आहे.

पुरस्काराच्या दिवशी द्वारकेहून हॉलकडे जाताना राजीवने गाडीतच विषय काढला. मागच्या सीटवर त्यांची कॉलेजातली मुलगी पूर्वी कानात इअरफोन घालून बसली होती.

“विनू, मी सोमवारी राजीनामा टाकतोय.”

“आणि माझं सलाइन?”

“नवीन पॉलिसी काढू ना.”

“नवीन पॉलिसीवाले आजाराचं नाव ऐकून फोन ठेवतात. तूच म्हणाला होतास.”

“अगं, बघू. काहीतरी निघेल. आणि खरं सांगू? तू औषधावर उभी आहेस असं मला वाटतच नाही.”

“मग कशावर उभी आहे?”

“स्वतःच्या इच्छाशक्तीवर. अख्खं मंडळ म्हणतंय यार! तुझा पुरस्कार जाहीर झाला ना, त्याच दिवशी मी ठरवलं. ॲपवर पहिली गोष्ट तुझीच असणार आहे.”

“राजीव, माझ्यात इच्छाशक्ती असती तर काल फिजिओवालीला परत पाठवलं असतं का मी?”

“हाच तर तुझा मोठेपणा,” राजीव म्हणाला आणि त्याचा आवाज भरून आला. विनया खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत बसली. पुढच्या सलाइनची तारीख मार्चमधली होती, नोटिशीच्या मुदतीत ती निभली असती. त्यानंतरच्या सलाइनचं काय, याचं त्या गाडीत तिच्याखेरीज कोणालाच काही पडलेलं नव्हतं.

हॉलमध्ये संक्रांतीचा कार्यक्रम होता. तिळगूळ, हळदीकुंकू, बायकांच्या काळ्या साड्या आणि वर स्वेटर. विनयाचा सत्कार खालीच खुर्चीवर करा असं तिने सुचवून पाहिलं, पण काकांनी ऐकलं नाही. “तुम्ही स्वतः पायऱ्या चढल्या पाहिजेत. त्याशिवाय प्रेरणा कशी मिळणार?” म्हणून ती चढली. प्रत्येक पायरीला टाळ्या पडत होत्या. वर पोचेपर्यंत तिचा डावा पाय लटपटत होता आणि तिला मनातल्या मनात सगळ्यांचा राग आला होता.

शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्राचं वाचन झालं. ‘केवळ’ या शब्दावर काकांनी विशेष जोर दिला. मग माइक विनयाच्या हातात आला.

“हा पुरस्कार चुकीच्या माणसाला दिलाय तुम्ही,” ती म्हणाली. “मला राजीवच्या कंपनीच्या विम्याने उभं ठेवलंय. औषध मिळतं म्हणून मी चालते. प्रमोदिनीकडे माझ्या दसपट जिद्द होती, तिच्याकडे विमा नव्हता. ती हिंमत हारली नाही, तिचं औषध संपलं. बस, एवढंच सांगायचं होतं.”

पुढच्या रांगांतल्या दोन-तीन माना हलल्या. विनयाला वाटलं, कळलं बाई यांना. तेवढ्यात श्यामकांतकाकांनी दुसरा माइक उचलला. “याला म्हणतात नम्रता. सगळं श्रेय पतीला आणि दिवंगत मैत्रिणीला देऊन मोकळ्या झाल्या. मंडळी, उभं राहून टाळ्या झाल्या पाहिजेत.”

आणि झाल्या की! अख्खा हॉल उभा राहिला. पहिल्या रांगेत राजीव डोळे पुसत होता. काकांनी त्यालाही वर बोलावलं, कारण आमच्याकडे सत्कार जोडीने करायची पद्धत आहे. राजीवने माइक हातात घेतला. “आज मला कसलीच भीती उरली नाही,” तो म्हणाला. “मी सोमवारी नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करतोय. अशी बायको पाठीशी असताना माणसाने घाबरायचं कशाला?”

पुन्हा टाळ्या. विनयाला त्या टाळ्यांत गाझियाबादच्या खोलीतला तो पलंग दिसला. पांढरी चादर, त्यावर उशांनी टेकवून ठेवलेली प्रमोदिनी आणि पाठीच्या जखमांचा वास. ती दोन पावलं पुढे सरकली आणि तिने राजीवच्या हातातून माइक काढून घेतला.

“मी घाबरते,” ती म्हणाली. “मला मरायची खूप भीती वाटते. पलंगावर पडून, दुसऱ्याने कूस बदलली तर बदलायची, असं मला मरायचं नाहीये. राजीव, नोकरी सोडू नकोस. तुझं स्वप्न मोडलं तरी चालेल मला. मी तेवढी चांगली बाई नाहीये रे.”

आणि ती रडली. रक्त द्यायच्या आधी रडते तशीच, नाक ओढत, तोंड वेडंवाकडं करून.

या वेळी टाळी पडली नाही. लोक आपापल्या तिळगुळाकडे बघायला लागले. एका बाईने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. काकांनी घसा साफ केला आणि चहा व कोथिंबीरवडीची व्यवस्था मागच्या बाजूला केलेली असल्याचं जाहीर केलं. पायऱ्या उतरताना विनयाला हात द्यायला फक्त पूर्वी आली.

परतताना धौला कुआँचा सिग्नल लागला तेव्हा राजीव म्हणाला, “एवढी भीती वाटते तुला?”

“हो.”

“कधी बोलली नाहीस.”

“रोज बोलते. तुम्ही टाळ्या वाजवता.”

मागून पूर्वीने इअरफोन काढले. “बाबा, प्लीज जॉब मत छोड़ो ना.” घरात मराठीच बोलायचं हा राजीवचा नियम होता. त्या दिवशी त्याने तिला टोकलं नाही.

सोमवारी राजीव ऑफिसला गेला आणि संध्याकाळी नेहमीसारखा परत आला. राजीनामा टाकला नव्हता. जेवताना दोन-तीनदा उगाच भाजीला नावं ठेवली त्याने, आणि विनयाने ती मुकाट ऐकून घेतली. सिद्धांतला ॲपसाठी दुसरी कोणीतरी खंबीर बाई सापडली म्हणे.

मंडळात मात्र विनयाची किंमत एकदम उतरली. मानपत्र दिवाणखान्यात लावलेलं होतं, ते तिने स्वतःच काढून ठेवलं. ‘खचली बिचारी, आता काही खरं नाही,’ असं लोक म्हणत असल्याचं तिच्या कानावर आलं. प्रमोदिनी पलंगाला खिळल्यावर तिच्याबद्दलही हेच म्हणायचे, अगदी याच शब्दांत.

मार्चमध्ये ती आरामखुर्चीवर बसली होती, पायांवर पांघरूण, हातात सलाइन. काउंटरवरच्या मुलीने “अप्रूवल आ गया जी” म्हटलं तेव्हा तिने पहिल्यांदाच त्या मुलीला थँक्यू म्हटलं होतं, आणि ती मुलगी गोंधळून हसली होती. तेवढ्यात हेमलताकाकूंचा फोन आला.

“कशी आहेस गं? धीर सोडू नकोस हं. मनाने हरलं की संपलं बघ.”

“नाही सोडत काकू.”

“आणि एक सांगू का? यांनी अजून जाहीर केलेलं नाही, पण पुढच्या वर्षीचा पुरस्कार राजीवला द्यायचं जवळजवळ ठरलंय. बायकोसाठी स्वतःचं स्वप्न सोडलं, नोकरीत टिकून राहिला, केवढा त्याग! सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं मीटिंगमध्ये.”

विनयाने वर टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं. निम्मी संपली होती, निम्मी अजून यायची होती. पुढच्या संक्रांतीपर्यंत म्हणजे आणखी एक सलाइन नक्की. पुरस्कार घ्यायचा असेल तर तोवर राजीवला नोकरी सोडता यायची नाही. असं काही प्रमोदिनीच्या जयेशला देऊन उपयोग झाला असता का, हे तिने मनात ताडून पाहिलं. नसता झाला. त्याच्याकडे टिकून राहावं अशी नोकरीच नव्हती.

“काकू,” ती म्हणाली, “दरवर्षी त्यालाच द्या ना.”

काकू मोठ्याने हसल्या. त्यांना वाटलं, पोरगी सावरली.